ताईचा पट्ट्यांचा भोपळा

टोपलीबाईंचा मळा केवढासा, तर दीड एकराचा. पण त्यावर साठ घरांची भाजी ठरलेली. हंगामाच्या सुरुवातीलाच बोली व्हायची: दर मंगळवारी घरटी एक टोपली, आणि त्यात मळ्यात येईल ते. पालक आला तर पालक. किडीनं खाल्ला तर सगळ्यांनी मिळून हळहळायचं. टोपलीत बाईंच्या हातची चिठ्ठी असायची. "मुळा तिखट निघालाय, तक्रार मुळ्याकडे करा," असली काहीतरी. लोक भाजीआधी चिठ्ठी वाचायचे.

त्या मंगळवारी हंगामातले पहिले नऊ भोपळे नऊ घरी गेले, आणि दुपारीच मास्तरीणबाईंचा फोन. "अहो, भोपळा कडू जहर आहे! घास तोंडात घेतला आणि थुंकले."

कडू भोपळा म्हणजे नुसती चव बिघडली असं नव्हे, पोटात गेला तर माणूस आजारी पडतो. टोपलीबाईंनी लगेच उरलेल्या आठही घरी फोन लावले. "भोपळा फेका. हो, मीच दिलाय आणि मीच सांगतेय, फेका!"

काय झालं ते त्यांना लख्ख कळलं होतं. हा हिरवा, पिवळ्या पट्ट्यांचा भोपळा त्यांच्या थोरल्या बहिणीचा. ताई गेली तेव्हा मागे बियांची एक डबी राहिली, आणि अकरा वर्षं बाईंनी तेच बी जपलं. बियाण्यासाठी ठेवायची फुलं त्या उमलायच्या आदल्या संध्याकाळीच दोऱ्यानं बांधायच्या. सकाळी नर फूल मादी फुलाला स्वतः लावायच्या आणि पुन्हा दोरा, म्हणजे मधमाशी भलतंच काही आणून लावत नाही. गेल्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला. 'एक वर्ष नाही बांधलं तर काय आभाळ कोसळतंय?' नेमके त्याच वर्षी शोभेचे चिमुकले भोपळे कुंपणावर चढवले, तेही हौसेनं, बाईंनीच! ते असतात कडू. मधमाश्यांनी दोन्हीकडे हिंडून आपलं काम चोख केलं. आणि आधीचं चांगलं बी? नवीन बियांना डबीत जागा हवी म्हणून बाईंनी ते कोंबड्यांना घातलं होतं. घ्या आता!

नवरा सुतार. त्यानं रंधा बाजूला ठेवत सांगितलं, "अगं, दुकानातून आणू की बी."

"ताईच्या भोपळ्याचं मिळालं तर आणा."

त्यानं रंधा पुन्हा हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खुर्ची, सुरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन मळ्यात शिरल्या. वेल चाळीस. सगळ्याच बियांत भेसळ झाली असेल असं नाही. आणि जो वेल कडू तो अख्खा कडू, जो गोड तो अख्खा गोड. म्हणजे दर वेलाचा एक कोवळा भोपळा कापून चाखायचा. कडू लागला की थुंकायचं, चूळ भरायची, वेल मुळासकट उपटायचा, खुर्ची पुढे सरकवायची. एकोणीस वेल उपटून झाले. गोड एकही नाही. विसाव्याला बाईंनी सुरी खाली ठेवली.

"अहो! इकडे या. मला आता पाणीसुद्धा कडू लागतंय. तुम्ही चाखा."

"मी? भोपळा?"

तीस वर्षांत या माणसानं भोपळ्याला जीभ लावली नव्हती. ताई मुद्दाम त्याच्या ताटात वाढायची आणि तो मुकाट्यानं बायकोच्या ताटात सारायचा. आज मात्र मान खाली घालून चाखू लागला. कडू. कडू. दर घासाला तोंड वाकडं, आणि मधमाश्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. तिसावा गेला. तेहतिसावा गेला. बाई आता वेलाकडे बघत नव्हत्या, नुसत्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

चौतिसाव्याला तो थुंकला नाही.

"अहो, थुंका ना! काय करताय?"

त्यानं आणखी एक फोड कापून तोंडात टाकली. "गोड आहे गं."

बाईंना हुंदका आवरेना. भर मळ्यात, खुर्चीवर बसून त्या लहान पोरीसारख्या रडल्या. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "बसलात काय? सहा राहिलेत अजून."

त्या सहांत आणखी एक गोड निघाला. चाळिसातले दोन. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्यांना दोरा बांधायला सुतार गुडघ्यांवर बसला आणि बाई खुर्चीवरून हुकूम सोडत राहिल्या. "घट्ट बांधा. मधमाशी काय तुमची मेहुणी लागते?"

पुढच्या मंगळवारच्या साठही चिठ्ठ्या बाईंनी स्वतः लिहिल्या. "यंदा भोपळा मिळणार नाही. चूक माझी, गेल्या वर्षी मी फुलं बांधली नाहीत. दोन गोड वेल राखलेत, ते बियाण्यासाठी."

सुतारानं पहिली चिठ्ठी वाचली, कानावरची पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, "चव मी घेतली आहे." मग दुसरी चिठ्ठी ओढली.