पेन्सिलची फुली

आमच्या नाशिकच्या सीए ऑफिसात वीस वर्षं सगळी ऑडिटं सीएच्या परीक्षेत नापास झालेले एक जुने सहकारी करत. सही मात्र सीए असलेल्या आमच्या सरांची. सही जिथे करायची तिथे ते पेन्सिलने बारीक फुली मारत, सही झाली की खोडत. "आपलं काम फुलीपुरतं, ताई," म्हणत.

पुढे सीए कमी पडतात म्हणून नियम सैल झाले. जुन्या नापासांनाही पुन्हा परीक्षा देता येणार होती. मी मागे लागले, तेव्हा कुठे शेवटच्या दिवशी त्यांनी फॉर्म भरला. सवयीने उमेदवाराच्या सहीपाशी फुली मारली आणि फॉर्म सरांच्या गठ्ठ्यात ठेवला. सरांनीही न बघता सही ठोकली.

दुसरा फॉर्म मिळायची वेळ टळून गेली होती.

"अहो, हा तुमचा होता!" मी ओरडलेच.

"हो ना," म्हणत त्यांनी खोडरबर काढला आणि सरांच्या सहीजवळची फुली हळूच पुसली.