तिसऱ्या कडव्यातला ट्रम्पेट

कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे दोन चिमुकले चौकोन असतात. ते मोडले, की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. आणि मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवली, की परत होतं! सव्वीस वर्षांपूर्वी ही युक्ती मला माहीत होती, आणि ती माहीत असल्याचा गर्वही होता. बस, सगळं तिथूनच सुरू झालं.

आधीच सांगून टाकतो. भूतबित, आत्माबित्मा यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आयुष्यभर कॉलेजात पोरांकडून फिजिक्सची प्रॅक्टिकल्स करून घेतलेला माणूस मी. आवाज म्हणजे हवेतली कंपनं, विषय संपला. या पानावर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी आजवर चहाबरोबर हसत वाचत आलोय. आता तुम्ही हसा.

दिगूमामा हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आजोबा इथेच इंदूरला गिरणीत कारकून, आणि हा मुलगा शाळा बुडवून लग्नाच्या बँडवाल्यांमागे फिरायचा. बँडमास्तरने त्याच्या हातात ट्रम्पेट दिला त्या दिवशी आजोबा जेवले नव्हते म्हणे. एकोणिसाव्या वर्षी मामा मुंबईला पळाले आणि एका मोठ्या हॉटेलातल्या जॅझ बँडमध्ये, गोव्याच्या वादकांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवरून ते पुढे सरकत सरकत पहिल्या खुर्चीपर्यंत गेले. आमच्या घराण्यात एवढी प्रगती दुसऱ्या कोणाची नाही.

त्यांचं वाजवणं कसं होतं? ते गाणारीच्या सुरात कधी घुसत नसत. ती श्वास घ्यायला थांबली, की तेवढ्याच फटीत चार स्वर ठेवायचे आणि बाजूला व्हायचं. तेही ठेक्याच्या किंचित मागून, जसे आम्ही इंदूरवाले लग्नाला पोचतो तसे... उशिरा, पण आरामात. आणि गाणारी चुकली तर? तर मामा तोच चुकलेला स्वर मुद्दाम पुन्हा वाजवायचे आणि तिथून तिला हात धरून घरी आणून सोडायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, असंच बसवलेलं आहे. "नंदू, चुकणाऱ्याला एकटं सोडायचं नाही," म्हणायचे. आणखी एक. एकदा वाजवलेली जागा त्यांनी पुन्हा तशीच कधी वाजवली नाही. 'वन्स मोअर' आला, तर दुसरंच काहीतरी!

पुढे हॉटेलांत डिस्को आला. त्यात स्कूटरवरून पडून मामांचा पुढचा दात गेला, आणि ट्रम्पेट सगळा ओठादातांवर उभा असतो. ते इंदूरला परतले. राजेंद्र नगरच्या घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ट्रम्पेटच्या तोंडावर स्टीलची वाटी धरून वाजवायचे. वाटी धरताना कडेला लागायची, टिंग्... आणि मग तोंडात पोहे धरून कोणी लाडात बोलावं तसा आवाज. शालूमामी आतून ओरडायच्या, "ती माझी शिकरणाची वाटी आहे हं!"

मामा गेले. त्यांच्या वाजवण्याची एकच खूण मागे राहिली, हॉटेलात रेकॉर्ड केलेली एक कॅसेट. पूर्ण बँड, वाटीबिटी न लावलेला उघडा ट्रम्पेट. कोणी पुसू नये म्हणून मामांनी स्वतः तिचे चौकोन मोडून ठेवले होते. मामींनी ती माझ्याकडे दिली. "एक कॉपी करून दे रे. तू सायन्सवाला आहेस."

दोनच वर्षांनी आमच्या मुलीचं बारसं झालं. श्रावणी सोमवार, सुदामा नगरचं आमचं घर, पन्नास माणसं, साबुदाण्याची खिचडी. पाळणा बायकांनी म्हणायचा असतो. पण मी स्वतः रचलेला पाळणा स्वतः म्हणण्याचा हट्ट धरला आणि तो रेकॉर्ड करायचाही. कोरी कॅसेट सापडेना. कपाटातून एक काढली, चष्मा नव्हता, चौकोन मोडलेले दिसले, आणि मी विजयी मुद्रेने सेलोटेप आणली...

महिन्याभराने कळलं, ती मामांची कॅसेट होती. बायकोला सांगितलं. मामींना नाही. सव्वीस वर्षं त्या विचारत राहिल्या, "नंदू, कॅसेट?" आणि मी म्हणत राहिलो, "कॉपी चाललीये मामी." तेवढ्यात मुलगी शिकली आणि नोकरीला पुण्याला गेलीसुद्धा.

गेल्या महिन्यात मामींचा फोन आला. वय त्र्याऐंशी. "अरे, डॉक्टर बोलला, उजवा कान तो गया. डावाही फार दिवस नाही. ऐकू येतंय तोवर यांचं एकदा ऐकव ना रे."

रात्रभर झोप नाही. सकाळी कॅसेट घेऊन तुकोगंजला राकेशभियाकडे गेलो. जुन्या कॅसेटी दुरुस्त करतो, माझ्याच वयाचा आहे. म्हटलं, खाली मूळचं काही उरलं असेल तर काढून दे. त्याने हेडफोन लावून पूर्ण बाजू ऐकली, एक हेडफोन मलाही दिला. मग म्हणाला, "सरजी, इसमें तो एक भाईसाब लोरी गा रहे हैं. बाजा-वाजा कुछ नी है. और बुरा मत मानना भिया, ये जो भी हैं... बच्ची सोई क्या इससे?"

"मीच आहे तो," मी म्हणालो.

"तो फिर चाय पियो," राकेशभिया म्हणाला.

म्हणजे संपलं. आता कबुली देण्यावाचून उपाय नव्हता. दुपारी तीनला बायकोला, म्हणजे स्मिताला, घेऊन राजेंद्र नगरला गेलो. मामींनी टेपरेकॉर्डर पुसूनबिसून टेबलावर मांडलेला. स्वतः इस्त्रीची साडी नेसून बसलेल्या.

"मामी, ती कॅसेट... माझ्या हातून पुसली गेली. त्यावर माझा पाळणा आहे."

मामी छान हसल्या. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून काढून डबीत ठेवलेलं होतं.

"मोठ्यांदा सांगा," स्मिता म्हणाली.

गुन्हा कबूल करायला धैर्य लागतं. तोच गुन्हा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडून कबूल करायला फारच लागतं. माझ्यात एका वेळेपुरतंच होतं. तेवढ्यात मामींनी माझ्या हातातली कॅसेट घेतली, टेपमध्ये सरकवली आणि बटण दाबलं.

भांड्यांचा आवाज. बायकांचं हसणं. मग मी. पहिलं कडवं... दुसरं कडवं... पट्टी सोडून वर वर चाललेला माझा आवाज. मी मान खाली घालून बसलो. तिसरं कडवं आलं. इथे मी शब्द विसरलो होतो हे मला ठाऊक होतं. एक भलताच स्वर लावून मी थांबतो, मागून मेहुणी फिस्सकन हसते...

मामींनी बोट वर केलं. श्श्.

टिंग्.

आणि ट्रम्पेट.

वाटी लावलेला. मी लावलेला तोच भलता स्वर, ठेक्याच्या किंचित मागून. तिथून तीन स्वर खाली, एक वर, आणि बरोबर त्या पट्टीत येऊन थांबला, जिथून मी पुढची ओळ उचलली. मी पुन्हा वर सरकलो. तोही सरकला. मी श्वास घेतला, त्या फटीत चार स्वर. पाळणा संपेपर्यंत त्याने मला सोडलं नाही.

स्मिताने माझी बाही घट्ट धरली होती. आणि मामी, कानात मशीन नसलेल्या मामी, डोळे मिटून मांडीवर बोटाने ठेका धरून बसल्या होत्या. अगदी बरोबर ठेका.

मी झडप घालून टेप मागे नेली, पुन्हा लावली. मी गातोय, मी थांबतोय, मेहुणी हसतेय. बाकी काही नाही. तिसऱ्यांदा लावली. काही नाही. हातात मोबाईल असून मी रेकॉर्ड केलं नव्हतं. सायन्सवाला!

"कशाला परत परत लावतोस?" मामी शांतपणे म्हणाल्या. "दोनदा तेच वाजवलंय का कधी त्यांनी?"

मग मी डबीतून मशीन काढून त्यांच्या कानात बसवलं आणि सगळं सांगितलं. सेलोटेप, चष्मा, सव्वीस वर्षांच्या थापा. रडलो पण थोडा. मामींनी ऐकून घेतलं.

"गाढव आहेस," त्या म्हणाल्या. "हॉटेलातलं ते सगळं मुंबईच्या लोकांसाठी होतं रे. वाटी लावून ते फक्त घरात वाजवायचे. आणि तू नीट गायला असतास, तर त्यांचं काय काम होतं?" मग उठल्या, कपाटातून ती वाटी काढली आणि आम्हाला शिकरण दिलं. मला त्याच वाटीत.

मी तेव्हापासून डोकं चालवतोय. मूळ रेकॉर्डिंग खाली उरलं असतं, तर त्यात अख्खा बँड हवा आणि वाटी नको. मामांनी घरी त्याच कॅसेटवर वाजवलं म्हणावं, तर चौकोन आधीच मोडलेले. माझ्या चुका त्यांना दोन वर्षं आधी कशा कळाव्यात? भास म्हणावा, तर तिघांना एकच? राकेशभियाला विचारलं, तो म्हणाला, "सरजी, मैंने पूरी सुनी थी, माँ कसम." आता कॅसेट दुकानात ठेवायलाही तो तयार नाही. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कळवा, पण मला खरं म्हणजे ते हवंय की नाही, हेही मला नक्की सांगता येत नाही.

त्या दिवशी परतताना गाडी घराच्या गल्लीत वळली तेव्हा स्मिता म्हणाली, "अहो, बारशाच्या दिवशी तुम्ही तिसऱ्या कडव्यात अडलात ना, तेव्हा मी पाळण्यापाशी बसले होते. ट्रम्पेट मी तेव्हाच ऐकला होता. मला वाटलं, बाहेरून कोणाची तरी वरात चाललीये. श्रावणात कुठली हो वरात?"