विजापूरकडं तोंड

आबा वाशीला माझ्याकडे आले, पण बॅग काही त्यांनी उघडली नाही. आई गेल्यावर मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. दुष्काळी जत तालुक्याच्या टोकाला आमचं गाव; तिथं या वयात ते एकटे कसे राहणार? पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे पाहुणचार, आणि पाहुणा फार दिवस गोड लागत नाही, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं. बॅग दाराशी, चपलांच्या रॅकला टेकलेली. मी कपाटात ठेवली की दुसऱ्या दिवशी परत दाराशी. जेवण निम्मं, बोलणं त्याहून कमी. "एसटीचं बघ," एवढं मात्र रोज.

त्यांना परत जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. शेवटी वैतागून विचारलं, "आबा, काय पाहिजे तुम्हाला? तोंडानं सांगा तरी."

ते गॅलरीतून मार्केटकडे चाललेले कांद्याचे ट्रक बघत होते. बघता बघताच म्हणाले, "टीव्हीला कन्नड लावतीस का? सरकारी असतंय बघ, ते."

मला वाटलं, म्हातारपणाचा काही घोटाळा झाला. कारण हा माणूस तरुणपणी सीमेच्या मोर्चांत लाठ्या खाऊन आलेला. कन्नड पाटीची एसटी समोरून गेली तरी मान फिरवणारा. आमचं गाव महाराष्ट्रात, पण अगदी काठावर. ओढा ओलांडला की कर्नाटक, आणि ओढ्यापलीकडे आईचं माहेर. म्हणजे मुलगी चालली, भाषा तेवढी चालली नाही.

गावात टीव्ही आले तेव्हा खरी पंचाईत झाली. मराठी टॉवर लांब, सांगलीच्या बाजूला. तिकडं अँटेना फिरवली की पडद्यावर नुसत्या मुंग्या. विजापूरचा टॉवर जवळ. तिकडं तोंड केलं की चित्र लख्ख, पण सगळं कन्नड. दोन्ही वाहिन्या सरकारच्याच, तरी शेजारचं राज्य स्वच्छ दिसायचं आणि आपलं मुंग्यांत. आबांनी अँटेनाच्या पाइपवर सांगलीच्या दिशेची लाल रंगानं खूण केली होती. मुंग्यांसमोर ताठ बसायचे आणि आम्ही कुरकुर केली की म्हणायचे, "दिसतंय की!"

संध्याकाळी आई माळवदावर चढून पाइप विजापूरकडं फिरवायची. शेतीचा कार्यक्रम आणि हवामान. मग आबा घर सोडून अंगणातल्या बाजेवर जाऊन बसायचे, दाराकडं पाठ करून. आई शेंगा फोडत टीव्ही बघायची. कार्यक्रम संपला की पाइप परत लाल खुणेवर. रोजचंच. दोघांचं भांडण आहे, असंच मी लग्न होऊन वाशीला येईपर्यंत समजत होते.

आणि आता हे कन्नड मागत होते.

केबलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, टेन्शन नको, साऊथचा पॅक टाकतो." टाकला. सिनेमे आले, मालिका आल्या, दागिन्यांनी मढलेल्या सासवा आल्या. आबांनी दोन मिनिटं बघितलं. "हे न्हवं. सरकारी."

केबलवाला डोकं खाजवत म्हणाला, "सरकारी मराठी हाय ना ताई, ते लावा. कन्नडवालं इकडे कोन बघतो?" त्याला काय सांगणार? मलाच कळत नव्हतं. सीमेवरच्या गावात नको असताना घरात घुसणारी वाहिनी इथं मागूनही मिळेना. मी आबांना म्हटलं, "आबा, मराठी सरकारी लागतंय बघा, एक मुंगी नाही." तर हे म्हणतात, "असू दे. एसटीचं बघ."

मग कुणीतरी सरकारच्या फुकटच्या डिशबद्दल सांगितलं. तिच्यावर सगळ्या राज्यांच्या सरकारी वाहिन्या येतात म्हणे. डिश आणली तर सोसायटीचे सेक्रेटरी आडवे. ग्रिलला डिश लावली की बिल्डिंगचा लूक जातो. मी म्हटलं, "काका, खालच्या मजल्यावर ग्रिलला लेंगे वाळतात, तो लूक चालतो?" ते लेंगे बघायला खाली वाकले, आणि मी तोच होकार धरला.

मेकॅनिक आला. आबा त्याच्या मागं उभे. "विजापूरकडं तोंड कर तिचं."

तो हसला. "बाबा, ते टॉवरचं गेलं आता. हे वर सॅटेलाइटला लागतं." मोबाइलमधल्या होकायंत्रावर बघत त्यानं डिश फिरवली आणि नट आवळले.

आबा म्हणाले, "तिकडंच हाय की विजापूर."

नंतर मी मोबाइलवर नकाशा काढून बघितला. खरंच, विजापूर बरोबर त्याच दिशेला होतं. योगायोगच असणार, पण तेव्हा मला काहीच धड समजेनासं झालं होतं.

संध्याकाळी वाहिनी लागली. कन्नड, सरकारी, लख्ख. मी हौसेनं आवाज मोठा केला, आबांना हात धरून समोर आणलं. त्यांनी काय करावं? खुर्ची उचलली, फिरवली आणि टीव्हीकडं पाठ करून बसले. तोंड गॅलरीकडं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस मी कुणाकुणाच्या पाया पडत फिरले, सेक्रेटरीशी वाकडं घेतलं, ते या पाठीसाठी? रागानं मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आदळत कणीक मळायला घेतली. मनात म्हटलं, जाऊ दे बाई, उद्या एसटीत बसवून देते एकदाची.

बाहेर निवेदिका बोलत होती. मग आबांचा आवाज आला. मान न वळवता, गॅलरीकडं बघत, पण स्वयंपाकघराला ऐकू जाईल असा.

"काय म्हंतंय गं?"

माझे हात कणकेतच थांबले. बाज अंगणात, आई आत शेंगांशी, आणि दोघांच्या मधून जाणारा हाच प्रश्न. तो रोज यायचा, मी रोज ऐकायचे, आणि तरी त्याला भांडण म्हणत आले. पाठ टीव्हीकडं होती. कान आईकडं होते. टीव्हीतलं सगळं तिनं त्यांना मराठीत सांगायचं, आणि त्यांनी ते न बघता ऐकायचं.

आईचं कन्नड मला फारसं आलं नाही. दहातला एखादा शब्द कळतो. कणकेच्या हातानं मी दारात आले, पडद्यावरच्या नकाशाकडं बघितलं. मला काही कळलं नाही. पण आई काय सांगायची, ते आठवलं.

"उद्या पाऊस हाय म्हंतंय," मी म्हटलं. "आपल्याकडं."

पाठमोऱ्या आबांचं तोंड मला दिसत नव्हतं. वाटलं, आता चिडतील, बॅग उचलतील.

"तुझी आईबी रोज असंच सांगायची," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत पडला नाही कधी."

मग खुर्ची तशीच ओढत स्वयंपाकघराच्या दाराजवळ आणली, माझा आवाज नीट ऐकू येईल अशी.

"आनि काय म्हंतंय?"