पूल पडला आणि आई यायची थांबली

आमच्या खाडीवरचा पूल माझ्या नवऱ्यानं पाडला, असं दोन्ही काठांवरचं शेंबडं पोरही सांगायचं. आणि आमचे हे? कधी एका शब्दानं 'नाही' म्हणाले असतील तर शपथ!

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरकडे अणुवीज केंद्राचं ते मोठं काम निघालं होतं, बोईसरच्या रस्त्यानं ट्रक धुरळा उडवत जायचे. माझं सासर खाडीच्या या अंगाला, माहेर पलीकडे, पालघरच्या बाजूला. मध्ये पूल. दगडी खांब, वर लाकडी फळ्या, एक बैलगाडी जाईल एवढाच. पण त्याच्यावरून आई सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बाजाराला निघाली की माझ्या दारात टेकल्याशिवाय पुढे जात नसे.

हे तेव्हा कौलं वाहणाऱ्या एका गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबत यांच्याच ताब्यात. अमावस्येचं उधाण, भर दुपार. गलबत पुलाच्या खालच्या, समुद्राकडच्या अंगाला नांगरलेलं, खलाशी बाजाराला गेलेले. भरतीच्या लोंढ्यात नांगर फरपटला आणि गलबत आडवं होऊन पुलावर गेलं. मधले दोन खांब बसले, फळ्या वाहून गेल्या. देवाची कृपा, पुलावर कुणी नव्हतं. लोक धावत आले तेव्हा हे सुकाणूला धरून उभे, नखशिखांत चिंब. "मीच होतो सुकाणूवर. चूक माझीच," एवढंच बोलले. चौकशीलाही तेच, मालकालाही तेच. मालकानं त्याच दिवशी घरी पाठवलं.

"अवो पण सुकाणूवर होतात, तर मग डोळ्यांदेखत पुलावर घातलंत कसं?" मी विचारायची.

"गेलं."

"आणि भिजलात कसे? कपडे तर समुद्रातून काढल्यासारखे!"

"पाणी उडालं."

यापलीकडे तोंडातून अक्षर फुटेल तर! मिठाची गुळणी धरून बसायचं आणि जाळं विणायचं. माझं डोकं असं फिरायचं की काय सांगू.

गावानं ठरवलं, पूल यांनी पाडला, तर नवा होईपर्यंत होडीनं लोकांना पार यांनीच करायचं. फुकट. झालं! सकाळपासून हे वल्ही मारतायत आणि होडीत बसलेली माणसं यांनाच टोमणे मारतायत. "तांडेल, सांभाळून हां, मधी खांब हाय!" म्हणायचं आणि खीः खीः हसायचं. फुकट बसायचं ते बसायचं, वर तोंडसुख. मी काठावरून चार शिव्या घालायची, तर हेच मला गप्प करायचे. सरकारी माणूस एकदा येऊन मोडक्या खांबाकडे बघून गेला. त्यानंतर विचारावं तेव्हा, "पूल मंजुरीला गेलाय." तिकडे जाऊन तो काय करत होता देव जाणे.

आणि यात मला दिवस गेलेले. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण माहेरचं माणूस न्यायला आलं पाहिजे, आपण उठून जायचं नाही. आणि आई काही येईना! सातवा सरला, आठवा लागला. होडी रोज तिच्या काठाला लागते, जावई रोज तिच्या दारावरून जातो, पण ही ढिम्म.

मी निरोप धाडला. उलटा निरोप आला, "होडीत मला गरगरतं." आता घ्या! कोळ्याच्या बाईला होडीत गरगरतं! मग सांगितलं, बरं, पालघरवरून आगगाडीनं बोईसरला ये. तर म्हणे वाकट्यांची मासळी वाळत घातलीय, राखण कोण करील? वाकट्या! लेकीपेक्षा वाकट्या जड झाल्या हिला. मी रडले, चिडले, भांडी आपटली. सासूबाई तर टपलेल्याच. "न्यायाला कोनी आला नाय, तर सून धाडू कशी? तुज्या आयसला माज्या लेकाची लाज वाटतं."

मलाही तेच वाटायला लागलं होतं. यांना म्हटलं, "तुमच्यापायी माझं माहेर तुटलं." तर हे उठून होडीवर गेले.

आणि एका सकाळी होडी आली ती आईला घेऊन. मांडीवर फडक्यात बांधलेलं कालवणाचं भांडं, दोन्ही हातांनी धरलेलं. काठावर आमच्या गल्लीतल्या चारपाच बाया होत्या, सासूबाई कमरेवर हात ठेवून पुढे.

"आलीस का? वाट गवसली वाटतं! माज्या लेकानं पूल पाडला म्हनून एवढे दिवस तोंड लपवून..."

"त्यानं नाय पाडला," आई होडीतूनच म्हणाली. "तो गलबतावर नव्हताच. माज्या घरा जेवत होता."

ह्यांनी वल्हं खाली ठेवलं. "आई, ऱ्हाऊ द्या."

"कशाला ऱ्हाऊ द्या? तो उठत होता गो. भरती लागलीय, जातो म्हनत होता. मीच हाताला धरून बसवला. म्हटला, आनखी एक भाकर खा, भरती काय पलून जातं? मग आरडाओरड झाली, तसा धावत जाऊन त्यानं पान्यात उडी घेतली नि पोहत गलबतावर चढला. माजा नाव चावडीवर नको म्हनून सगला आपल्या अंगावर घेतला. मी कोनत्या तोंडानं याच्या होडीत बसनार होती?"

मी आईकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. इतके महिने दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं होतं. एक त्या काठाला गप्प, एक या काठाला गप्प, आणि मध्ये मी बोंबलतेय! संताप संताप झाला नुसता.

सासूबाईंचे हात कमरेवरून कधी खाली आले, कळलं नाही. त्यांनी विचारलं, "मग खाल्ली का ती भाकर?"

"अर्धी," आई म्हणाली, आणि मांडीवरचं भांडं तिनं ह्यांच्यापुढे सरकवलं.

त्याच भरतीला मी माहेरी गेले. हे होडीतच जेवले, आई समोर बसून वाढत होती. मी दोघांशीही बोलले नाही, पार पलीकडचा काठ येईपर्यंत.