गाडीवरचे गोड ठिपके

त्याला सगळे जमदग्नी म्हणत आणि तो ते नाव बिरुदासारखं मिरवी. गाड्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यापायीच बायको माहेरी निघून गेली. राहिला वरच्या मजल्यावरचा दादा, आईबापांमागे त्याला वाढवणारा. दादा सरबतांसाठी पाक करी, आणि खालच्या रंगाचा वास पाकाला लागतो म्हणून कुरकुर करी.

त्या आठवड्यात झाडाखाली वाळत ठेवलेल्या गाडीवर चिकट ठिपके पडू लागले. दोनदा घासून त्याने पुन्हा रंग मारला. तिसऱ्यांदा बोटावर थेंब घेऊन चाखला. गोड! मग तो कसला विचार करतोय? पाना उचलला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

"माझ्या गाडीवर पाक ओततोस?"

"वेड लागलंय का तुला? मी कशाला..."

पुढचं त्याने ऐकलंच नाही. आधी बरण्या फोडल्या, मग पाना दादाच्या खांद्यावर हाणला. दादा शेगडीवर कोसळला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या पाकात गेला. पाक पाण्यासारखा निथळत नाही, कातडीला धरून बसतो. वहिनी पुसायला गेली तर कातडीच हातात आली.

दादा इस्पितळात, शेगडी थंड, तरी दुसऱ्या दिवशी गाडीवर ठिपके होतेच. जमदग्नीने फांद्या छाटणाऱ्याला बोलावलं. त्या माणसाने पान उलटं करून दाखवलं. खाली माव्याचे बारीक किडे बुजबुजले होते.

"झाडाच्या रसात साखर चिक्कार, अंग धरायला कस मात्र थोडा. तेवढ्या कसासाठी हे किडे दिवसभर रस ढोसतात. पण एवढी साखर पोटात राहिली तर अंगातलं पाणी ओढून घेईल, वाळून मरतील. म्हणून तिचे कण एकमेकांना जोडतात, मग ओढ कमी होते. उरलेलं मागून थेंबथेंब सोडतात."

साखर पाणी ओढते हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी फळाच्या फोडींवर साखर भुरभुरून दादानेच दाखवलं होतं, त्याच उजव्या हाताने. त्याने कुऱ्हाड आणली आणि तळहात फुटेपर्यंत खोडावर घाव घालत राहिला.

तेवढ्यात वहिनी आली.

"ठेवा ती, भाऊजी. हात काढावा लागणार आहे त्यांचा. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, माहितीये? गाडीवर काय पडतंय ते सापडलं का त्याला, म्हणाले. जा, तुम्हीच सांगा."