गिझर माझ्याच वेळी विझायचा

लग्न होऊन मी मारेगावला आले, त्याच वर्षी नवऱ्याने गॅसचा गिझर आणला. मी वणीच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. संध्याकाळी बस कोळशाच्या ट्रकांमागून रखडत यायची आणि घरी पोचेपर्यंत केसांत काळी भुकटी बसलेली असायची. डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय मला घास जात नसे. बंद न्हाणीत गॅसच्या धुराने माणसं गुदमरतात हे मला ठाऊक होतं, म्हणून हट्ट धरून गिझर बाहेरच्या भिंतीवर लावून घेतला. सिलेंडरही तिथेच, परसात ठेवला.

त्या घरात माझं माणूस म्हणजे मोठी जाऊ. मी तिला ताई म्हणायचे. सासूबाईंचा आज राग कशावर आहे, हे ती मला दारातच खुणेने सांगायची. माझ्या वाटणीची भाजी झाकून ठेवायची.

थंडी सुरू झाली आणि गिझर बिघडला. म्हणजे फक्त माझ्या वेळी बिघडायचा. केसांना शॅम्पू लावला की पाणी गार पडायचं. बाहेरून ठिणगीची टकटक ऐकू यायची, पण ज्योत लागायची नाही. कुडकुडत कशीबशी आंघोळ उरकून बाहेर यावं आणि नळ सोडून पाहावं, तर भक्कन पेटायचा.

"सेल गेले असतीन वं," ताई म्हणाली आणि स्वतः दुकानातून नवे सेल घेऊन आली. मग आम्ही दोघींनी पाण्याच्या नळीतली जाळी काढली. तिच्यात रेती अडकली होती. ताईने जुन्या ब्रशने ती घासली, मी मोबाइलचा उजेड धरला. सिलेंडर हलवून पाहिला, तो भरलेला होता. "आपून दोघी मिस्त्रीच झालो," म्हणत ती हसली.

पण गिझर विझायचाच. सासूबाई म्हणाल्या, "आमचं आयुष्य चुलीवरच्या पाण्यात गेलं." नवरा म्हणाला, "सगळ्याइच्या वेळी चालते. तूच नळ जास्त सोडत असशीन." शेवटी त्याने वणीहून मिस्त्री आणला. मिस्त्रीने सगळं खोललं, पुसलं, लावलं. नवरा शेजारी उभा राहून त्याला पाना-पक्कड देत होता, "नीट पाहा बरं," म्हणत होता. काही सापडलं नाही. माझंच काहीतरी चुकतंय, असं मलाही वाटायला लागलं.

एका रविवारी घरात कोणी नसताना मी गिझरसमोर उभी राहिले. नळ बारीक केला, तर टकटक झालीच नाही. जुने सेल घातले, तर ती रेंगाळत, दमून यायची. मला आंघोळीत ऐकू यायची ती मात्र खणखणीत असायची. म्हणजे पाणी ठीक, सेल ठीक, गॅसच येत नव्हता. आणि भरल्या सिलेंडरमधून गॅस येत नसेल, तर तो कोणीतरी बंद करत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी गार पडताच मी नळ तसाच बादलीत वाहता ठेवला, गाऊन अडकवला आणि ओल्या केसांनी परसात गेले. ताई सिलेंडरपाशी वाकली होती. तिचा हात रेग्युलेटरवर होता.

"ताई? काहून?"

ती दचकली नाही. उठली, पदराला हात पुसले.

"तू यायच्या आधी साऱ्या घराचं पाणी मी तापवलं. लाकडं मी फोडली. धुरानं डोये गेले माहे. कोणाले गिझर सुचला नाही. तू आली अन् लगेच भिंतीवर लागला."

"मग मले सांगायचं ना."

"तुले काय सांगू? तू तं मले चांगली वागवतं." तिचा आवाज चिरका झाला. "अन् तुह्या नवऱ्याले माहीत हाय. दिवाईच्या आधीच पाह्यलं त्यानं मले."

मिस्त्री आला होता तो दिवाळीनंतर.

रात्रीच्या जेवणाचीही मी वाट पाहिली नाही. नवरा घरात शिरताच विचारलं. त्याने नाकारलं नाही.

"घरात तमाशा नको म्हणून बोललो नाही. वहिनी थांबल्या असत्या काही दिवसानं."

"मंग मिस्त्री कायले आणला?"

"तुह्या समाधानासाठी."

मी थंड पाण्याने डोकं धूत होते तेव्हा हा शेजारच्या खोलीत बसलेला असायचा. टकटक त्यालाही ऐकू येत असणार. तरी मलाच म्हणायचा, नळ नीट सोडत जा.

ताईशी मी बरेच दिवस बोलले नाही. पुढे तिनेच भाजी निवडता निवडता विषय काढला, रडली, आणि मीही रडले. तिने स्वतः गिझरच्या पाण्याने एकदाही आंघोळ केली नव्हती. "तो तुहा होता ना," म्हणाली. त्या दिवशी मी तिला न्हाणीत बसवलं आणि बाहेर उभी राहिले. आमचं पहिल्यासारखं नाही, पण चालतं.

नवऱ्याशीही मी बोलते, हसते. गिझर आता कधी विझत नाही. मात्र दिवसभरात काय झालं, कोण काय बोललं, हे मी त्याला सांगेनाशी झाले. तो विचारतो. मी "काही नाही" म्हणते आणि ताट वाढायला उठते.