गुहेतल्या पायऱ्यांचा कठडा

बाबांना पक्षाघाताचा झटका आला, त्याला आता दीड वर्ष होईल. उजवा हात, उजवा पाय लुळे पडले आणि शब्दही गेले. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन ते घरातल्या घरात चालू लागले. शब्द मात्र आपल्या मर्जीने येत-जात राहिले. चमचा हवा असला तर "ते... खायचं" असं म्हणून ते थांबत. हैदराबादच्या मराठी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. तोंड उघडायचं आणि शब्द सापडायचा नाही, याची त्यांना लाज वाटे. पुढे पुढे ते बोलणंच टाळू लागले.

अंबरपेठेतल्या आमच्या घरी आठवड्यातून तीनदा एक फिजिओथेरपिस्ट येते. मुलगी तेलुगू आहे, पण बाबांशी दखनीतच बोलते. एका सकाळी त्यांच्याकडून उठ-बस करून घेताना तिनं सहज विचारलं, "अंकल, इत्ती मेहनत कर रैं, चलके जाना कां है?"

मला वाटलं, देऊळ म्हणतील, नाहीतर कोपऱ्यावरची बाग. बाबा खुर्चीत टेकले, जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "गुहा."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय म्हणाले?"

"गुहा," बाबा पुन्हा म्हणाले. मग त्या मुलीकडे वळून, "गुफा."

आम्हा तिघींना काही कळेना. तेव्हा त्यांनी पेन मागितलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला डाव्या हातानं वेडंवाकडं काढायला लागले. वरून लोंबणारी काही टोकं, खालून वर येणारी काही आणि मधे एक अख्खा खांब. मला एकदम सातवीचा वर्ग आठवला. मी त्यांच्याच वर्गात होते. गुहेच्या छतातून चुनखडीचं पाणी ठिबकतं, थेंबाथेंबानं दगड वाढतो, हे सांगताना ते फळ्यावर अगदी हीच आकृती काढायचे.

"लवणस्तंभ," मी म्हटलं.

"ल-वण-स्तंभ," ते सावकाश म्हणाले. किती तरी दिवसांत त्यांच्या तोंडून एवढा मोठा शब्द आला नव्हता. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "पाहिला नाही. एकदाही."

मला हे माहीतच नव्हतं. दरवर्षी इतक्या पोरांना खडूनं खांब काढून दाखवले आणि स्वतः एकही पाहिला नाही. शाळेची सहल जायची ती गोवळकोंड्याला नाहीतर नागार्जुनसागरला. घरची सुट्टी परभणीकडच्या लग्नकार्यांत संपायची.

त्या आठवड्यात मी माहिती काढली. विशाखापट्टणमपासून अराकूकडे जाताना डोंगरात चुनखडीची मोठी गुहा आहे, आत दिवे लावलेत, रोज लोक बघायला येतात. विशाखापट्टणमपर्यंत रेल्वेनं जाता येईल, पुढे गाडी करता येईल. अडचण एकच होती. आत खूप पायऱ्या होत्या.

आईला फोटो दाखवले तेव्हा ती चिडली. "इथं न्हाणीपर्यंत जाताना माझा जीव वर-खाली होतो, आणि तुम्ही बापलेक डोंगरात निघालात. पडले तर कोण उचलणार?"

तिचं चूक नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "आधी विचारून तर बघू."

अराकूच्या बाजूला गाडी चालवणाऱ्या एकाचा नंबर मिळाला होता. मी त्याला माझ्या मोडक्या तेलुगूत विचारलं, पायऱ्या किती? तो म्हणाला, "चाला उन्नाय, मॅडम." पुष्कळ आहेत. पुढे काय विचारावं ते मला सुचेना. आई शेजारी उभी राहून ऐकत होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. तिचं तेलुगू भाजीबाजारात घडलेलं आहे, तिथं कुणी तिला फसवू शकत नाही. तिनं विचारलं, पायऱ्या ओल्या असतात का? मधे बसायला जागा आहे का? बाथरूम किती लांब? आणि शेवटी विचारलं, कठडा कोणत्या बाजूला आहे?

हा प्रश्न मला सुचला नसता. बाबांना डाव्या हातानंच आधार घेता येतो. कठडा एकाच बाजूला असला आणि उतरताना डावीकडे आला, तर चढताना तो उजवीकडे येईल.

ड्रायव्हरला आठवेना. "चूसी चेप्ता, अम्मा," म्हणाला, बघून सांगतो. आम्हाला वाटलं, विसरेल. चौथ्या दिवशी त्यानं व्हिडिओ पाठवला. पर्यटकांना घेऊन गेला होता, तेव्हा स्वतः आत उतरून पायऱ्या दाखवल्या होत्या. त्यात दोन्ही बाजूंना कठडा होता. काही पायऱ्या ओल्या होत्या. एका वळणावर थांबून त्यानं फोन वर धरला, आणि पिवळ्या उजेडात छतावरून लोंबणारे दगड दिसले. बाबांनी तो व्हिडिओ त्या दिवशी सात-आठ वेळा पाहिला असेल. आई त्यांच्या मागे उभी होती. ती छताकडे नाही, पायऱ्यांकडे बघत होती.

"चप्पल नको," ती म्हणाली. "रबरी तळाचे बूट घ्यावे लागतील."

फिजिओथेरपिस्टनं सरावासाठी आमच्या इमारतीचा जिना नापास केला, त्याला एकीकडेच कठडा आहे. तिचं म्हणणं, गुहेत आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं, तर सरावही तसाच हवा. म्हणून रविवारी सकाळी आम्ही मेट्रो स्टेशनवर जायला लागलो. लिफ्टनं वर, मग जिन्यानं खाली, मग बसणं, मग पुन्हा वर. पहिल्या रविवारी नऊ पायऱ्यांवर त्यांचा पाय थरथरला आणि आम्ही परत आलो. मला वाटलं, हे इथंच संपलं. पण पुढच्या रविवारी माझ्याआधी बाबाच बूट घालून दारात बसले होते.

तिथल्या गार्डनं एकदा विचारलं, "बडे मियाँ, ट्रेनमें नै जाते, हर इतवार सीढ़ियाँ कायकू उतर रैं?"

"पहाड़," बाबा म्हणाले. शब्दासाठी जरा अडखळले, मी मधे पडले नाही. "पहाड़ के अंदर... जाना है."

गार्डला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानं आपली प्लास्टिकची खुर्ची जिन्याखाली आणून ठेवली.

गेल्या रविवारी बाबा अख्खा जिना उतरले आणि चढले. मधे दोनदा थांबले. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी रक्तदाब पाहिला, गोळ्या बदलल्या नाहीत आणि म्हणाले, थंडीच्या दिवसांत जा, घाई करू नका. ड्रायव्हरनं आधीच सांगून ठेवलंय की तळापर्यंत जमलं नाही तरी वरच्या टप्प्यावरूनही पुष्कळ दिसतं. बाबांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "जेवढं दिसेल."

काल संध्याकाळी मी संक्रांतीनंतरची तिकिटं काढायला बसले. मी दोघांचीच नावं भरली होती, माझं आणि बाबांचं. आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं पण टाक. खालचा बर्थ बघ."

"तू आत येणार? अंधार असतो, आई."

"दिवे आहेत की. बघितलं मी."

बाबांनी तिच्यासमोरची थाळी स्वतःकडे ओढली आणि डाव्या हातानं एक शेंग फोडायला घेतली.